म्हातारपणी गेलेले मसल्स परत आणणारी गोळी: खरंच तिची वाट बघायची का?

टेकडीवाला
अधूनमधून बातमी येते, म्हाताऱ्या उंदरांचे स्नायू पुन्हा तरुण झाले, आता माणसांचा नंबर. मग आमच्या सकाळच्या ग्रुपमधले सगळे काका विचारायला लागतात, गोळी कधी येणार हो? माझं मत स्पष्ट आहे, या गोळीच्या नादात आपण हातात असलेला उपाय सोडून देतोय. १९९० साली बॉस्टनमध्ये मारिया फियातारोने आणि टीमने वृद्धाश्रमातल्या नव्वदीच्या आसपासच्या १० जणांना ८ आठवडे मांडीसाठी वजनाचा व्यायाम दिला, आणि नुसतं हातपाय हलवणं नाही, एका वेळी जास्तीत जास्त जेवढं उचलता येतं त्याच्या ८० टक्क्यांपर्यंत वजन वाढवत नेलं. ताकद सरासरी १७४ टक्के वाढली, मांडीचा स्नायू ९ टक्के भरला, दोघांची काठी सुटली. लोक कमी होते म्हणाल तर १९९४ मध्ये त्यांनीच १०० जणांवर केलं, सरासरी वय ८७, १० आठवडे, ताकद दुपटीच्या वर गेली, आणि ज्यांना व्यायाम न देता नुसतं पौष्टिक पेय दिलं त्यांना काही फायदा झाला नाही. याला तीस वर्षं उलटून गेली आणि आपल्याकडे साठी ओलांडली की अजूनही पहिला सल्ला काय, तर 'आता जड काही उचलू नका'. मला याचा खरंच राग येतो.

चाफा
टेकडीवाले, राग समजला पण तुम्ही चालत्याफिरत्या माणसांबद्दल बोलताय. माझ्या सासूबाईंना पॅरालिसिसचा झटका आला, एक बाजू गेली, त्यांनी कुठलं वजन उचलायचं? खुब्याचं हाड मोडून पडलेले, हार्ट फेल्युअरवाले, आयसीयूतून आलेले, यांचं काय? २००७ च्या एका अमेरिकन अभ्यासात धडधाकट म्हाताऱ्या माणसांना फक्त १० दिवस बेडवर झोपवून ठेवलं तर पायांचं जवळपास एक किलो मांस गेलं. धडधाकट लोकांचं हे, मग आजारी माणसाचं काय होत असेल. अशा माणसाला व्यायाम करा म्हणणं म्हणजे तुमचं तुम्ही बघा म्हणणं आहे.

पेशीवाचक
चाफाताईंशी सहमत, आणि मी याच क्षेत्रात काम करतो म्हणून थोडं सांगतो. ही संशोधनं हवेत नाहीयेत. १९९७ मध्ये जॉन्स हॉपकिन्समध्ये अलेक्झांड्रा मॅकफेरॉन आणि से-जिन ली यांनी मायोस्टॅटिनचं जनुक बंद केलं तर उंदरांचे स्नायू दुप्पट-तिप्पट झाले, म्हणजे स्नायूला वाढू न देणारा ब्रेक शरीरातच आहे हे कळलं. २०२१ मध्ये स्टॅनफर्डच्या हेलन ब्लाउ यांच्या लॅबने दाखवलं की वय झालं की स्नायूत १५-पीजीडीएच नावाचं एन्झाइम वाढतं आणि ते प्रोस्टाग्लॅन्डिन ई२, म्हणजे स्नायू दुरुस्त व्हायला मदत करणारं शरीरातलं द्रव्य, मोडून टाकतं. ते एन्झाइम महिनाभर अडवलं तर म्हाताऱ्या उंदरांचा स्नायू आणि ताकद दोन्ही वाढलं. कारण कळल्याशिवाय उपाय कसा सापडणार?

टेकडीवाला
@पेशीवाचक उंदरांचं ठीक आहे हो, माणसांचं सांगा ना. मायोस्टॅटिनचाच मार्ग अडवणारं बिमाग्रुमॅब नावाचं औषध, नोव्हार्टिस कंपनीने सार्कोपेनिया (वयामुळे स्नायू आणि ताकद घटणं) झालेल्या १८० म्हाताऱ्यांवर २४ आठवडे तपासलं, २०२० मध्ये रिझल्ट छापून आला. चरबी सोडून बाकीचं वजन औषधवाल्यांचं ७ टक्के वाढलं, औषध न मिळालेल्या दुसऱ्या गटाचं १ टक्का. आणि चालणं, खुर्चीतून उठणं, तोल सांभाळणं? दोन्ही गटांत काही फरक नाही. मांस वाढलं, माणूस तिथेच. म्हाताऱ्या माणसाला मांस मोजायचं नसतं, त्याला संडासातून स्वतःचं स्वतः उठायचं असतं.

पेशीवाचक
अर्धीच गोष्ट सांगताय. त्या ट्रायलमध्ये दुसऱ्या गटालाही नीट आहार आणि घरी करायचा व्यायाम दिला होता, म्हणून तेही सुधारले, म्हणून फरक दिसला नाही. आणि तेच औषध आता वजन उतरवणाऱ्या इंजेक्शनबरोबर तपासतायत, कारण त्या इंजेक्शनने चरबीबरोबर मसलही जातं. २०२५ पासून ती इंजेक्शनं भारतातही मिळतायत, साठीपुढची शुगरवाली मंडळी घेतायत, तेव्हा हा प्रश्न आपल्या घरात आलाच आहे.

टेकडीवाला
म्हणजे तुम्हीच सांगताय की आहार आणि व्यायाम दिला तर औषधाइतकंच चालता येतं!

गवतीचहा
मधे बोलते. दोघंही गोळी की व्यायाम करताय पण गोळ्या आधीपासून पोटात आहेत त्याचं काय. २०१९ चा एक अमेरिकन अभ्यास आहे, ६५ च्या पुढचे शुगर नसलेले लोक, १४ आठवडे वेट ट्रेनिंग, अर्ध्यांना मेटफॉर्मिन (शुगरची नेहमीची गोळी) अर्ध्यांना खोटी गोळी, तर मेटफॉर्मिनवाल्यांचे मसल्स कमी वाढले. याचा अर्थ शुगरवाल्यांनी गोळी बंद करावी असा अजिबात नाही, कुणी करू नका. पण 'म्हातारपण लांबवतं' म्हणून शुगर नसताना मेटफॉर्मिन घेणारे लोक आहेत, त्यांनी हे जरूर बघावं. आणि प्रोटीन. आयसीएमआरचा (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) आकडा वजनाच्या किलोमागे रोज ०.८३ ग्रॅम, म्हाताऱ्यांसाठी बरेच तज्ज्ञ १ ते १.२ सांगतात. साठ किलोच्या बाईला साठ-सत्तर ग्रॅम. एका अंड्यात सहा. आपल्या आयांच्या ताटात बघा, सकाळी चहा-खारी, दुपारी पोळी-भाजी, रात्री आमटी-भात, त्यात गुरुवार, चतुर्थी, एकादशी. कुठून येणार मसल?

चाफा
गवतीचहा, ताटाचं अगदी खरं. पण टेकडीवाल्यांना एकच विचारते, बॉस्टनच्या त्या म्हाताऱ्यांसमोर ट्रेनर उभा होता, मशीन होतं, आठवड्यातून तीनदा कोणीतरी येऊन करून घेत होतं. आमच्या तालुक्याच्या गावात फिजिओ यायचा तर एका भेटीचे पैसे ऐकून सासरे म्हणाले राहू दे. फुकटचा उपाय म्हणून तुम्ही सांगताय तो फुकट नाहीये, माणूस लागतो. गोळी पोस्टानेही पोचते.

टेकडीवाला
पोचते, पण आज ती नाहीये, तोपर्यंत सासरे बसूनच राहणार का? खुर्चीत बसायचं, हात छातीवर, पाचदा उठायचं-बसायचं, सार्कोपेनियाच्या आशियाई निकषाप्रमाणे १२ सेकंद किंवा जास्त लागले तर पाय कमजोर झालेत असं धरतात. याला मशीन लागत नाही. जमत नसेल तर खुर्ची उंच घ्या, हाताचा आधार घ्या, मग हळूहळू आधार कमी करा. अंथरुणाला खिळलेल्यांसाठी संशोधन करा की, जरूर करा, पण मग ट्रायलमध्ये तीच माणसं घ्या, दहा वर्षं तरुण दिसायला निघालेले श्रीमंत लोक नकोत.

पेशीवाचक
या शेवटच्या वाक्यावर माझी सही. बाकीच्यावर नाही.