मदत हवी: फ्लायबॅक सप्लायसाठी ३८४२ ठेवू, ३८४४ लावू की वेगळीच चिप घेऊ?

नमस्कार मंडळी,

भोसरीत माझं छोटं वर्कशॉप आहे. मशीनच्या पॅनेलसाठी २४ व्होल्ट, अडीच अँपिअरचे सप्लाय बनवतो. साधा फ्लायबॅक (ट्रान्सफॉर्मरमध्ये ऊर्जा साठवून आउटपुटला सोडणारा स्विचिंग सप्लाय), ६५ किलोहर्ट्झ, तो चालवणारी चिप यूसी३८४२.

दुपारी सगळे पीस झकास चालतात. संध्याकाळी लाइन १७० व्होल्टपर्यंत उतरते आणि दहातले दोन-तीन उठतच नाहीत. मीटर लावला तर चिपच्या ७ नंबरच्या पायावर, म्हणजे तिला वीज मिळते तिथे, १४ व्होल्ट, आणि आकडा तिथेच बसलेला. १६ गाठल्याशिवाय ही चिप जागी होत नाही. स्टार्ट-अपला, म्हणजे चिपला पहिला करंट द्यायला, दीडशे-दीडशे केचे (किलोओहम) दोन रेझिस्टर सिरीजमध्ये, खाली ४७ मायक्रोफॅरड.

बुधवार पेठेतला दुकानदार म्हणाला, ३८४३ न्या, तो ८.४ लाच उठतो. पण तो ७.६ ला झोपतोही. ऑक्झिलरी वाइंडिंग (सप्लाय उठल्यावर चिपला वीज पुरवणारे ट्रान्सफॉर्मरचे जादा वेढे) सावरायच्या आत कॅपॅसिटर तेवढा उतरणारच, म्हणून तो नाद सोडला.

मग स्वतःच शहाणपणा करून ३८४४ खोचला. तो उठला, पण पावणेदोन अँपिअरच्या वर आउटपुट बसायला लागलं आणि ट्रान्सफॉर्मर शिट्टी मारू लागला. स्कोपवर पाहिलं तर ३२ किलोहर्ट्झ!

आता यूसीसी२८सी४२ बद्दल वाचतोय. स्टार्ट-अप करंट अगदी कमी, पाय तेच. ऑक्झिलरीवर माझ्याकडे २० व्होल्ट येतात. सरळ बदलून चालेल का?

प्रतिसाद

सरळ बदलू नका, पहिल्याच दिवशी धूर निघेल. २० व्होल्ट ही त्या चिपची शेवटची हद्द आहे, चालवायचं १८ च्या आतच. जुना ३८४२ तीस व्होल्ट सहज सोसतो, त्यामुळे हे लक्षात राहत नाही. ती चिप हवीच असेल तर ऑक्झिलरीचे वेढे कमी करून १२-१३ व्होल्टवर आणा.

३८४४ मध्ये आत फ्लिप-फ्लॉप असतो, तो ऑसिलेटरचा एक पल्स सोडून एक देतो. ड्यूटी, म्हणजे प्रत्येक आवर्तनात स्विच चालू राहण्याचा वाटा, ५० टक्क्यांच्या आत राहते ती त्यामुळेच. फ्रिक्वेन्सी ठरवणारा तुमचा रेझिस्टर आरटी १२ के आणि कॅपॅसिटर सीटी २.२ नॅनोफॅरड असावा, आरटी ६.२ के करा, फ्रिक्वेन्सी जागेवर येईल. पण त्याने उठण्याचा प्रश्न सुटत नाही. तुमचा ३८४४ उठला तो नशिबाने.

हिशोब बघा. १७० एसी रेक्टिफाय झाल्यावर साधारण २४० डीसी. त्यातून १६ वजा करून ३०० केने भागलं की ०.७५ मिलिअँपिअर. साध्या ३८४२ ला उठायला १ मिलिअँपिअरपर्यंत लागू शकतो. बऱ्याच पीसना निम्म्यात भागतं, म्हणून बाकीचे सात-आठ चालतात. आकडा बदलू नका, शेपूट बदला: यूसी३८४२ए घ्या. त्याला उठायला कमाल ०.५ मिलिअँपिअर लागतो. तो मिळेपर्यंत ८२ केचे एक वॉटचे दोन लावा. २३० ला दोन्ही मिळून साधारण ०.६ वॉट गरम होतील, एवढंच.

धागाकर्ता

आरटी-सीटी अगदी बरोबर ओळखलेत! ‘ए’वाले पाच आणून रुसलेल्या पीसमध्ये टाकले, रेझिस्टर जुनेच. डिमरस्टॅटवर (व्होल्टेज कमी-जास्त करायचा ट्रान्सफॉर्मर) १६५ ला दीड-दोन सेकंदांत पाचही उठले. ३८४४ चा बोर्ड ६.२ के लावून उद्या बघतो. पूर्ण लोडवर शिट्टी राहिली तर इथेच येईन.