मदत हवी आहे: बोंडूंची (काजूच्या फळांची) दारू घरच्यापुरती गाळायला परवाना मिळतो का?

आमची काजूची बाग दोडामार्ग तालुक्यात. बिया विकतो, बोंडू मात्र झाडाखालीच कुजतात. पलीकडे गोव्यात परवाना काढून भट्टीवर हुर्राक, फेणी गाळतात. काजू फेणीला तर 2009 मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. इकडे महाराष्ट्रात 1949 चा दारूबंदी कायदा. कलम 65 नुसार परवान्याशिवाय गाळणं सोडाच, त्यासाठीची भांडी बाळगणंही गुन्हा. घरच्यापुरतीला वेगळी सूट नाही. शेजारचे काका म्हणतात, "कोण येता बघूक?" हा सल्ला कृपया नको!

लहान बागायतदाराला राज्य उत्पादन शुल्क खात्याकडून रीतसर परवाना मिळालाय, असं कुणाच्या पाहण्यात आहे का? नसेल, तर बोंडू गोव्यातल्या परवानाधारक भट्टीवाल्याला विकताना चेकनाक्यावर कुठले कागद दाखवावे लागतात?