कुकीज पुसून इंटरनेट प्रोव्हायडरला काय फरक पडतो?

नेटवर कुणी आपला माग काढू नये म्हणून ‘इन्कॉग्निटो वापरा, कुकीज (साइट आपल्याला ओळखायला फोनमध्ये ठेवते त्या नोंदी) पुसत राहा, विषय संपला’ असा सल्ला दिला जातो. तो वेबसाइटांपुरता ठीक आहे. प्रोव्हायडर मात्र फोनच्या बाहेर, वाटेतच बसलेला असतो. तिथे ही मात्रा चालत नाही.

अमेरिकेतल्या व्हेरायझन या मोबाइल कंपनीचं प्रकरण बघा. २०१२च्या अखेरीपासून ही कंपनी मोबाइल ग्राहकांच्या साध्या एचटीटीपी (म्हणजे एन्क्रिप्ट न केलेल्या) रहदारीत एक ओळख क्रमांक परस्पर घालत होती. तो फोनमध्ये नव्हताच, मग पुसणार काय? बोभाटा झाला २०१४मध्ये. पुढे तर कळलं की टर्न नावाची जाहिरात कंपनी याच क्रमांकावरून लोकांनी पुसलेल्या कुकीज पुन्हा जिवंत करत होती (कमाल आहे!). जाहिराती नकोत असं कळवलं तरी क्रमांक जातच राहायचा. तो बंद करायची सोय २०१५मध्ये आली. २०१६मध्ये दंड झाला साडेतेरा लाख डॉलर. एवढ्या मोठ्या कंपनीला म्हणजे चिल्लरच.

एचटीटीपीएसमध्ये, म्हणजे एन्क्रिप्ट केलेल्या रहदारीत, असा क्रमांक घुसवता येत नाही. पण कुठल्या साइटवर गेलात ते प्रोव्हायडरला बहुतेक वेळा तरीही दिसतं, आणि डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणारी सेवा) त्याचीच वापरत असाल तर आयतंच.