सॅम्पलच्या परवानगीअभावी रॅप अल्बम अडकला आहे. प्रसिद्धीबाबत मार्गदर्शन हवे आहे

नमस्कार. माझ्या पहिल्या रॅप अल्बमचे मिक्सिंग आणि मास्टरिंग पूर्ण झाले आहे, एक सिंगल प्रकाशितही झाले आहे आणि प्री-सेव्हची (प्रकाशनाआधीच अल्बम आपल्या संग्रहात जतन करून ठेवण्याची) लिंक श्रोत्यांपर्यंत पोहोचली आहे. तरीही तारीख पुन्हा पुढे ढकलावी लागली. अडथळा एकाच जागी आहे : तिसऱ्या ट्रॅकच्या हुकखाली, म्हणजे पुन्हा पुन्हा येणाऱ्या मुख्य ओळींखाली, जुन्या रेकॉर्डवरून घेतलेला बासरीचा छोटा तुकडा, म्हणजेच सॅम्पल, वाजतो. रचनेच्या हक्कधारकांनी लेखी संमती दिली आहे; मात्र मूळ ध्वनिमुद्रणाचे, म्हणजेच मास्टरचे हक्क असलेली कंपनी पत्रांना उत्तरच देत नाही.

‘काही सेकंदांचेच तर आहे, चालून जाईल’ हा सल्ला मला मान्य नाही. 1991 मध्ये रॅपर बिझ मार्कीच्या विनापरवाना सॅम्पलविरुद्ध न्यूयॉर्कच्या न्यायालयाने निकाल दिला, तेव्हापासून या बाबतीत सगळेच सावध आहेत. डे ला सोल या रॅप गटाचा 1989 चा पहिला अल्बम तर मुख्यतः हक्कांच्या गुंत्यामुळे मार्च 2023 पर्यंत स्ट्रीमिंगवर येऊ शकला नव्हता.

तो तुकडा वादकाकडून नव्याने वाजवून घेतल्यास मास्टरच्या परवानगीची गरज उरणार नाही. पण मूळ वादनात दोन स्वरांच्या मध्ये वादकाचा श्वास ऐकू येतो आणि माझ्या ओळी नेमक्या त्या श्वासांवर थांबतात. नव्या वादनात ती जागा साधेल का, याची मला खरोखर काळजी वाटते.

दुसरा प्रश्न प्रसिद्धीचा. 2021 मध्ये रॅपर कान्ये वेस्टचा ‘डोंडा’ हा अल्बम लांबत गेला, तेव्हा स्टेडियममधील श्रवण-कार्यक्रमांमुळे ती प्रतीक्षाच प्रसिद्धी ठरली. नवख्या कलाकाराची तारीख हुकली, तर श्रोते सरळ विसरून जातात, असे माझे मत आहे. शिवाय स्पॉटिफायच्या प्लेलिस्ट (गाण्यांच्या याद्या) निवडणाऱ्या संपादकांकडे अप्रकाशित गाणेच पाठवता येते, तेही एका वेळी एकच, त्यामुळे लोकांना धरून ठेवण्यासाठी आणखी एक सिंगल आधीच सोडले, तर अल्बमच्या वेळी ते गाणे त्या संधीतून बाद होते.

परवानगी हाती येईपर्यंत नवी तारीख जाहीर करू नये, असे मला वाटते. पण तोवर चाहत्यांना काय सांगावे? तिसरा ट्रॅक वगळून अल्बम आधी प्रकाशित करावा आणि तो नंतर विस्तारित आवृत्तीत घ्यावा, की नव्या वादनाची वाट पाहावी? ज्यांनी स्वतंत्र वितरकामार्फत (गाणी स्ट्रीमिंग सेवांवर पोहोचवणाऱ्या कंपनीमार्फत) असा अल्बम पुढे ढकलला आहे, त्यांनी वितरक, प्री-सेव्ह केलेले श्रोते आणि माध्यमे यांना कोणत्या क्रमाने कळवले, हे कृपया सविस्तर लिहावे.