मदत हवी आहे: तीन नंबरच्या सिलिंडरला कॉम्प्रेशन कमी, इंजिन बांधावं का?

काळीमाती
मृग तोंडावर आलाय आणि सकाळी आठ-दहा सेल्फ मारल्याशिवाय सुरूच होईना. पांढरा धूर, वर मिसिंग. तिन्ही सिलिंडरला कॉम्प्रेशन गेज लावून पाहिलं: 390, 385, 290. मिस्त्री म्हणतो पिस्टनच्या रिंगा गेल्या, पूर्ण इंजिन खोलून नव्यानं बांधा. खरंय का? लवकर सांगा.

गोदाकाठ
गाडी कोणती? आकडे पीएसआयमध्ये धरतो, एवढा दाब म्हणजे डिझेल. नोझल तिन्ही काढले होते का? बॅटरी फुल होती?

काळीमाती
ट्रॅक्टरच की दादा. तिन्ही नोझल काढून, डिझेल बंद करून, नवी बॅटरी लावून पाहिलं.

जिंतूरकर
तीन नंबरमध्ये दोन चमचे इंजिन ऑइल सोडा, परत गेज लावा. आकडा चढला तर रिंग-लायनर, नाही चढला तर व्हॉल्व्ह. माझ्या जीपचं असंच सापडलं.

गोदाकाठ
जीप पेट्रोल असेल. डिझेलला हे करू नका. पिस्टन वर आल्यावर जागा एवढीशी उरते, तेलानंच आकडा फुगतो. जास्त पडलं तर रॉड वाकतो.

जिंतूरकर
आमच्या मोंढ्यातले मिस्त्री डिझेललाही करतात, कुणाचा रॉड वाकला नाही.

गोदाकाठ
नसेल वाकला. पण आलेल्या आकड्यावर भरवसा कसा ठेवणार? त्यापेक्षा इंजिन चालू असताना ब्रीदर, म्हणजे इंजिनातली वाफ बाहेर सोडणारी नळी, बघा. रिंगा गेल्या असतील तर तिथून धूर फेकेल.

पांढरंसोनं
भाऊ, घाई कशाला? 75 ते 100 मिमी पाऊस झाल्याशिवाय सोयाबीन पेरूच नका. उगवणशक्ती तपासली का? गोणपाटात 100 दाणे गुंडाळून ठेवा, 70 तरी उगवले पाहिजेत.

काळीमाती
बियाणं घरचं आहे, तपासलंय. इंजिनचं सांगा ना. ब्रीदर साफ आहे. गेल्या महिन्यात हेड उतरवून व्हॉल्व्ह घासले, तेव्हाही मिस्त्री रिंगा ठीक म्हणाला होता.

गोदाकाठ
अहो, हे आधी सांगायचं! टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हच्या टोकावरची फट, परत मापावर लावले का नंतर? गॅप उरला नाही तर व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही, कॉम्प्रेशन तिथूनच जातं. दोन नंबर चांगला आहे, म्हणजे मधलं गॅस्केट फुटल्यासारखं वाटत नाही. फिलर गेज, म्हणजे फट मोजायची पाती, घालून बघा.

काळीमाती
तीन नंबरच्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हला सगळ्यात बारीक पातंसुद्धा शिरेना. पुस्तकातल्या मापावर लावला. आता 375. आज दुसऱ्याच सेल्फला उठला. लाखाचा खर्च वाचला दादा.

गोदाकाठ
हेडचे नट टॉर्क पान्यानं परत आवळले होते का? आता आवळले तर टॅपेट पुन्हा बघावे लागतील.