एसओएममध्ये (स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्स, म्हणजे पदार्थ किती ताण सोसतात त्याचा अभ्यास) पीएचडी, तीही हातातली नोकरी सोडून: बरोबर की वेडेपणा?

घोडबंदरकर:
भाची नवी मुंबईत मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे. ऐरोलीच्या एका आयटी कंपनीचं ऑफर लेटर हातात आहे आणि ही म्हणते, गेट ही प्रवेश परीक्षा देऊन पीएचडी करणार. विषय काय, तर धातूला तडा कसा पडतो आणि तो वाढतो कसा. ताईने आठवडाभर अबोला धरलाय. माझं मत: जाऊ द्या तिला. खाडीच्या खाऱ्या हवेत 1973 च्या वाशी पुलाच्या केबली गंजल्या. थंडीत पहाटे रूळ तुटला की अख्खं ठाणे स्टेशन तुंबतं. हे समजणारं कोणी नको का? कोडिंगवाले ढिगाने आहेत.

हिशेबी_माणूस:
मामाला मत द्यायला काय जातं! आकडे बघा. फेलोशिप पहिली दोन वर्षं महिना 37,000, पुढे 42,000. पाच वर्षं धरा. तोवर तिचे वर्गमित्र फ्लॅट बुक करतील.

घोडबंदरकर:
पंतप्रधान फेलोशिप 70,000 पासून सुरू होते. ती का नाही धरत?

हिशेबी_माणूस:
2025 च्या बजेटात पाच वर्षांसाठी 10,000 जागा जाहीर झाल्या, अख्ख्या देशातल्या आयआयटी आणि आयआयएससी मिळून. लॉटरीचं तिकीट पगार म्हणून दाखवू नका.

केटीग्रस्त:
एसओएमला मला दोनदा केटी लागली, म्हणजे नापास होऊन पेपर परत. बेंडिंग मोमेंटचा आलेख अजून स्वप्नात येतो. भाचीला दंडवत.

तासिकेवर_जगणारी:
मी केलीय पीएचडी, याच विषयात. आज तासिका तत्त्वावर शिकवते. उन्हाळ्यात तास नाहीत, म्हणजे पैसे नाहीत. कॉलेजात धातू ओढून तपासायचं यूटीएम मशीन आहे, त्यावर वर्षभर प्लास्टिकचं कव्हर. तपासणीची कमिटी आली की उतरतं. मुलं मागच्या बॅचच्या फायलीतून रीडिंग उतरवतात आणि आम्ही सह्या करतो. प्राध्यापक व्हायचं म्हणून येणार असेल तर येऊ नकोस म्हणावं.

रबाळे_लॅब:
अकरा वर्षं टेस्टिंग लॅबमध्ये आहे, रोज सळया ओढतो. 500 डी ग्रेडची 12 मिमी सळी साडेसहा टनाच्या आसपास तुटते. आधी एका जागी बारीक होते, आम्ही म्हणतो मान पडली. मग फटाक! नवीन पोरगा हमखास दचकतो. तुटलेलं तोंड पेल्यासारखं खोलगट असेल तर ती नीट ताणून तुटली. सपाट, चमकदार असेल तर काहीतरी गडबड. पण गिऱ्हाईक विचारतं एकच, पास की फेल? का तुटली, हे अकरा वर्षांत मोजून चार जणांनी विचारलं असेल. उद्या भाची आमच्याकडे आली तर तिच्या हातातही तोच शिक्का देऊ. ‘का’ विचारायचं असेल तर अणुशक्तीनगरला होमी भाभा इन्स्टिट्यूट बघा, नाहीतर कल्पाक्कमचं अणुसंशोधन केंद्र. जमशेदपूरच्या एनएमएलमध्ये, म्हणजे राष्ट्रीय धातू प्रयोगशाळेत तर तापलेल्या धातूला वर्षानुवर्षं ताण देऊन ठेवतात.

हिशेबी_माणूस:
म्हणजे ठाण्यात काम नाही, हे तुम्हीच कबूल केलंत.

रबाळे_लॅब:
काम आहे हो. पैसे मोजणारा नाही.

पवईची_चौथ्या_वर्षाची:
मी कळव्याची, पवईच्या आयआयटीत पीएचडीचं चौथं वर्ष. मामा, एक दुरुस्ती. नुसत्या थंडीने रूळ तुटत नाही. लांब वेल्ड केलेल्या रुळाला आखडायला जागा नसते, त्यामुळे तापमान एक अंश उतरलं की साधारण 2.4 मेगापास्कल ताण चढतो. वीस अंशांना झाले अठ्ठेचाळीस. चांगल्या रुळाला हे काहीच नाही. पण आत आधीच बारीक चीर असेल तर तिच्या टोकाशी ताण एकवटतो. 1921 मध्ये ग्रिफिथ या इंग्रज इंजिनिअरने काचेवर हेच दाखवलं. ती चीर रोजच्या गाड्यांखाली किती वाढली, हा माझा विषय. अटल सेतूच्या स्टीलच्या डेकच्या वेल्डलाही हाच प्रश्न लागू.

काम कंटाळवाणं आहे, लपवत नाही. मशीनमध्ये सँपलला सेकंदाला दहा झटके दिले तरी दहा लाख झटक्यांना अठ्ठावीस तास लागतात. मध्ये लाइट गेली की कधी सँपल वाया. तासिकावाल्या ताई म्हणतात ते खरंच आहे, पण ते आपल्या कॉलेजांबद्दल झालं. विषय काय करणार त्याला? माझे दोन सीनियर विमानाच्या आणि टर्बाइनच्या भागांवर काम करतायत, एक परदेशात पोस्टडॉक. आणि गेट यंदा द्यावीच. एक्सई (इंजिनिअरिंग सायन्सेस) पेपर घेतला तर सॉलिड मेकॅनिक्स आणि मटेरियल सायन्स दोन्ही मिळतात. स्कोअर तीन वर्षं चालतो.

हिशेबी_माणूस:
तीन वर्षं चालतो ना? मग दोन वर्षं ऐरोलीला काढू दे, चार पैसे गाठीला लागतील.

पवईची_चौथ्या_वर्षाची:
माझ्या बॅचच्या सहा जणांनी हेच ठरवलं होतं. परत एक आला.

तासिकेवर_जगणारी:
बाकीचे पाच सुखी असतील कदाचित. त्यांना विचारलंत?

घोडबंदरकर:
ताईला सगळं वाचून दाखवलं. बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “पवई म्हणजे रात्री जेवायला घरी येईल ना?”

पवईची_चौथ्या_वर्षाची:
मशीन चालू असेल त्या रात्री नाही.