बाथरूमच्या कामाला खात्रीचा कॉन्ट्रॅक्टर हवाय (बी विंग ग्रुप)

बी-302 : नमस्कार मंडळी. दिवाळीनंतर आमचं कॉमन बाथरूम पूर्ण तोडून नवीन करतोय. तीन कोटेशन आलीत. 1 लाख 35 हजार, 1 लाख 90 हजार आणि 2 लाख 40 हजार. सगळ्यात स्वस्तवाला म्हणतो आठ दिवसांत सगळं हातात देतो. कुणाला अनुभव असेल तर प्लीज सांगा.

बी-504 : आमच्या ओळखीचा एक जण जुन्या टाइल्सवरच नवीन टाइल्स चिकटवून देतो. तोडफोड नाही, धूळ नाही. नंबर पाठवू का?

बी-202 : अगं, हात जोडून सांगते, तसं नको करूस. तुमच्या बाथरूमखालीच आमचा माळा आहे. पाऊस जाऊन महिना झाला तरी तिथले पोपडे ओलेच आहेत. म्हणजे हे पाणी पावसाचं नाही, वरचंच आहे. टाइल्सवर टाइल्स लावल्या तर तुमचं बाथरूम चकाचक होईल, पण आमच्याकडची गळती तशीच राहील.

बी-302 : काकू, म्हणूनच पूर्ण तोडायचं ठरवलंय. तुमचा त्रास डोक्यात आहे.

बी-701 : जन्मभर साइटवर काम केलंय, म्हणून जरा सविस्तर लिहितो. टाइल्स कोणत्या ते शेवटी बघा. माणूस पारखायचा तो टाइल्सच्या खालच्या कामावर. तिघांनाही एकच प्रश्न विचारा : 'वॉटरप्रूफिंग झाल्यावर पाणी किती तास भरून ठेवणार?' जो म्हणेल 'साहेब, त्याची गरज नाही, केमिकल चांगलं वापरतो', त्याला चहा पाजून निरोप द्या.

आपल्या इमारतीत बाथरूमचा स्लॅब खाली घेतलेला आहे. त्या खोलगट भागात वर्षानुवर्षं पाणी मुरतं. जुना कोबा (टाइल्सखालचा भराव) पूर्ण काढून स्लॅब उघडा करायला हवा. तेव्हा सळई गंजलेली दिसली तर काम तिथेच थांबवायचं आणि सोसायटीच्या स्ट्रक्चरल इंजिनिअरना बोलवायचं. वरून सिमेंट फासून ती झाकू द्यायची नाही.

गळती बहुतेक वेळा नहाणी ट्रॅपभोवती (लादीतल्या जाळीखालचं पाणी जायचं तोंड) किंवा भिंत-लादीच्या कोपऱ्यात सुरू होते. म्हणून कोपऱ्याला गोलाई देऊन वॉटरप्रूफिंगचं कोटिंग भिंतीवर किमान फूटभर चढवायचं. शॉवरची भिंत डोक्याच्या वरपर्यंत. ते सुकलं की ट्रॅपचं तोंड बंद करून पाणी भरायचं आणि निदान 48 तास ठेवायचं. पातळीला भिंतीवर पेन्सिलची रेघ मारा, आणि दोन दिवस रोज खाली 202 मध्ये जाऊन छत बघा. मग कोबा. त्यावरही एकदा पाणी भरून बघितलं तर उत्तम. उतार ट्रॅपकडे, चार फुटाला साधारण अर्धा इंच.

एवढं करून आठ दिवसांत काम होत नाही. तीन आठवडे धरा.

बी-504 : बाप रे. मग आमचा नंबर राहू दे. काका, प्लंबिंगचं काय बघायचं?

बी-701 : महापालिकेचा परवाना असलेला प्लंबर. जुनी जीआय (लोखंडी) लाइन काढून सीपीव्हीसी (गरम पाण्यालाही चालणारे प्लास्टिक पाइप) घाला. प्लास्टर करण्याआधी हातपंपाने लाइनमध्ये दाब चढवून ठेवायचा, काटा खाली येतो का बघायचं. नंतर टेप धरून प्रत्येक भिंतीचे फोटो काढा, म्हणजे पुढे टॉवेल रॉड लावताना ड्रिल पाइपात जाणार नाही. डायव्हर्टर (शॉवर किंवा नळाकडे पाणी वळवणारा कॉक) भिंतीत किती आत बसवायचा ते टाइलची जाडी धरून ठरवायला सांगा. आणि गीझरला 16 अँपिअरचा स्वतंत्र पॉइंट, अर्थिंग, 30 मिलीअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच). ही कामं लायसनवाल्या इलेक्ट्रिशियनकडूनच, बाथरूममध्ये शॉक लागला तर माणूस हातचा जातो.

बी-302 : काका, पैसे कसे द्यायचे? स्वस्तवाला निम्मे ॲडव्हान्स मागतोय.

बी-701 : अजिबात नाही. सुरुवातीला 10 टक्के, तोडफोड झाल्यावर थोडे, मोठा हप्ता पाणी भरून तपासल्यावर. शेवटचे 10 टक्के वापर सुरू होऊन महिना झाल्यावर. कोटेशनमध्ये पाइप, केमिकल, टाइल अ‍ॅडेसिव्ह यांचे ब्रँड, डेब्रिजचा (तोडफोडीच्या राडारोड्याचा) खर्च, जीएसटी धरलाय का नाही आणि वॉटरप्रूफिंगची हमी किती वर्षं, हे सगळं लिहून घ्या. त्याने गेल्या दोन-तीन वर्षांत केलेलं एखादं बाथरूम बघायला मिळालं तर त्याच्या खालच्या फ्लॅटमध्येही डोकावून या.

सेक्रेटरी : काम सुरू करण्याआधी कमिटीला अर्ज द्या, लेखी परवानगी लागेल. कामगारांची नावं गेटवर नोंदवा. ड्रेनेजची उभी लाइन सगळ्यांची आहे, तिला सोसायटीच्या प्लंबरशिवाय कुणी हात लावायचा नाही. बीम-कॉलमजवळ ब्रेकर चालणार नाही, छिन्नी-हातोडाच. डेब्रिज पार्किंगमध्ये टाकू नये, पालिकेची डेब्रिज ऑन कॉल सेवा आहे.

बी-302 : आत्ताच तिघांना फोन केला. स्वस्तवाला म्हणाला पाणी भरायची गरज नाही. 2 लाख 40 वाला म्हणे 24 तास पुरे. मधल्याने न विचारताच सांगितलं, खालच्या फ्लॅटची किल्ली लागेल, 48 तास ठेवणार. शनिवारी 11 ला येतोय. काका, याल का?

बी-701 : येतो. कोटेशनची प्रत आधी मला पाठव.

बी-202 : मीही घरीच आहे. आधी त्याला आमचा माळा दाखवू, मग वर जाऊ.